न बघितलेलं पान आठवायचं कसं?

'मनात स्मृतिमहाल बांधा, रमीतलं एकेक पान लक्षात ठेवा, हरणं विसरा!' हा मेसेज घरच्या ग्रुपवर आठवडाभर फिरतोय. (स्मृतिमहाल म्हणजे मनातल्या घराच्या एकेका जागी लक्षात ठेवायची एकेक गोष्ट मांडायची.) मी गप्प होते. परवा मामाने त्यात जाहिरात केलेल्या शिकवणीचे पैसे भरले आणि आता त्यातल्याच लिंकवरच्या ऑनलाइन रमीच्या टेबलावर पैसे लावून 'सराव' करणार म्हणाला. मग राहवेना.

म्हणे पाठांतराच्या स्पर्धांतले जगज्जेते पत्त्यांचा अख्खा कॅट वीस सेकंदांच्या आत पाठ करतात. करतात की. पण ते सुलटी पानं हातात घेऊन त्यांचा क्रम पाठ करतात: दारात हे पान, माजघरात ते. रमीत क्रमाला कोण विचारतो?

म्हणे पानं लक्षात राहिली की डाव आपलाच. अरे मामा, दोघांच्या रमीत दोन कॅट, दोन छापील जोकर धरून १०६ पानं. वाटल्यावर तुला दिसतात १५: हातातली १३, एक उघडं, एक जोकर ठरवणारं. समोरच्याकडे १३, गड्डीत ७८ पालथी. ती कुठल्या महालात ठेवणार? त्यात प्रत्येक पान दोनदा. बदामचा गुलाम गेला म्हणून निर्धास्त व्हावं, तर त्याचा जुळा समोरच्याच्या हातात. आणि पुन्हा पिसले की सगळी पाठांतरं पाण्यात.

मेंढीकोटात मात्र युक्ती चालते, हे कबूल. तिथे ५२ च्या ५२ वाटलेली असतात. प्रत्येक पानाला एक चेहरा द्यायचा, पान पडलं की त्याच्यावर मनात बादलीभर पाणी ओतायचं. कोरडे राहिले ते अजून यायचेत. (किलवरची राणी कोण, हे मामीला सांगू नकोस.) आजी नुसत्या चार दश्श्या आणि तेरा हुकूम मोजून आपल्यावर कोट चढवायची, ते वेगळंच.

मेसेजमधल्या 'मेंदू कधी म्हातारा होत नाही' यावर मी वेळ घालवत नाही.

खरा खोडसाळपणा मेसेजच्या शेवटच्या ओळीत आहे: 'सुप्रीम कोर्टाची मान्यता'. १९६८ च्या सत्यनारायण खटल्यात कोर्ट म्हणालं खरं, की पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, म्हणून रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ. मेसेज तिथेच कापलाय. पैसे लावलेल्या खेळातून क्लबचालक नफा काढत असेल तर गुन्हा ठरू शकतो, हेही त्याच निकालात आहे. शिवाय तो खटला सिकंदराबादच्या एका क्लबाचा, मोबाइलवरच्या टेबलाचा नव्हे. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीच घातली आहे, मग खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा.

शिकवणीचे गेले ते गेले, मामा. त्या टेबलावर एक रुपयाही टाकू नकोस.