‘नो-सँडबॉक्स’ लावायचा सल्ला देणं थांबवा

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर क्रोमियम (क्रोमचा मुक्त पाया असलेला ब्राउझर) किंवा त्यावर बेतलेलं एखादं अ‍ॅप उघडत नाही, अशी तक्रार कुणी केली की लगेच उत्तर येतं: कमांडच्या शेवटी ‘नो-सँडबॉक्स’ हा फ्लॅग, म्हणजे सँडबॉक्स बंद करणारा पर्याय, लाव, चालेल. ते चालतंही. तक्रार करणारा आभार मानतो आणि विषय तिथेच मिटतो. हा सल्ला दिसला की मला मनापासून संताप येतो.

ब्राउझरमध्ये पान वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतं. त्या प्रोसेसला तुमच्या फाइली दिसत नाहीत आणि कर्नलकडे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याकडे, मोजक्याच गोष्टी मागता येतात. यालाच सँडबॉक्स म्हणतात. लिनक्सवर हा बंदोबस्त यूजर नेमस्पेस (प्रोग्रॅमला बाकी सिस्टिमपासून तोडून वेगळ्या कप्प्यात ठेवायची सोय) आणि सेककॉम्प (कर्नलकडे काय मागता येईल याची चाळणी) यांच्या जोरावर उभा असतो. पानातल्या कोडने ब्राउझरमधली एखादी चूक साधली, तरी तो तिथेच अडकतो. सँडबॉक्स काढला की तोच कोड तुमच्या नावाने, तुमच्या सगळ्या अधिकारांनिशी मोकळा सुटतो.

‘पण आम्ही रूट (सर्वाधिकारी यूजर) म्हणून कुठे चालवतो?’ हे युनिक्सवाल्यांचं, म्हणजे लिनक्स ज्या घराण्यातलं त्या सिस्टिम वापरणाऱ्यांचं, ठरलेलं उत्तर. परवानग्यांची ही रचना एका यंत्रावर अनेक माणसं काम करायची त्या काळातली आहे. ती सिस्टिमला तुमच्यापासून जपते आणि तुम्हाला दुसऱ्या यूजरपासून. तुम्हीच सुरू केलेल्या प्रोग्रॅमपासून तुमची होम डिरेक्टरी, म्हणजे तुमच्या खाजगी फाइलींचं फोल्डर, ती वाचवत नाही, आणि आज मोलाचं सगळं होममध्येच तर असतं.

ऑगस्ट २०१५ मध्ये हे प्रत्यक्ष घडलं. फायरफॉक्सच्या पीडीएफ व्ह्यूअरमधली चूक वापरून, एका बातम्यांच्या साइटवरच्या जाहिरातीतून लोकांच्या फाइली पळवल्या जात होत्या. लिनक्सवर तो कोड काय शोधत होता? बॅशची हिस्टरी (टर्मिनलवर दिलेल्या कमांडांची नोंद), मायएसक्यूएल या डेटाबेसची हिस्टरी, एसएसएचच्या किल्ल्या (दूरच्या सर्व्हरवर शिरायच्या). रूटची गरजच नव्हती. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने तातडीने ३९.०.३ आवृत्ती काढली, पण गेलेल्या किल्ल्या बदलण्याचं काम ज्याच्या त्याच्या गळ्यात पडलं.

मग सँडबॉक्स बिघडतो तरी कशामुळे? उबुंटू या लिनक्स वितरणात २४.०४ आवृत्तीपासून साध्या यूजरच्या प्रोग्रॅमला वाट्टेल तशी यूजर नेमस्पेस उघडता येत नाही, अ‍ॅपआर्मर (कोणत्या प्रोग्रॅमला काय करता येईल हे ठरवणारी सुरक्षाव्यवस्था) अडवतं. कर्नलमधल्या कितीतरी चुकांपर्यंत पोचायची वाट याच नेमस्पेसमधून जात होती, त्यामुळे निर्णय मला पटतो. अडचण होते ती ज्यांचं अ‍ॅपआर्मर प्रोफाइल (परवानग्यांची फाइल) नाही अशा, बाहेरून उतरवलेल्या क्रोमियम आणि इलेक्ट्रॉन (क्रोमियम पोटात घेऊन बनवलेल्या) अ‍ॅप्सची. ती ‘वापरण्याजोगा सँडबॉक्स नाही’ असं सांगून बंद पडतात, आणि त्याच संदेशाच्या शेवटी, धोका पत्करायचा असेल तर ‘नो-सँडबॉक्स’ वापरा, हेही छापून येतं. घाईतला माणूस नेमकं तेवढंच उचलतो. खरा उपाय म्हणजे त्या अ‍ॅपसाठी प्रोफाइलची चार-पाच ओळींची फाइल लिहून त्यात यूजर नेमस्पेसची परवानगी द्यायची. एकदाच करायचं काम आहे!

कंटेनरमधली, म्हणजे प्रोग्रॅम बंदिस्त डब्यात चालवतात तिथली, रड निराळी. असे कंटेनर चालवणारा डॉकर शेअर्ड मेमरीला (प्रोसेसनी वाटून घ्यायच्या मेमरीला) मुळात ६४ एमबीच देतो, त्यामुळे जड पान उघडलं की टॅब कोसळतो. ती मर्यादा वाढवली की भागतं. तरी लोक सवयीने इथेही सँडबॉक्स काढून टाकतात, ज्याचा या कोसळण्याशी काडीचाही संबंध नाही.

ओपनबीएसडी या सुरक्षेवर भर देणाऱ्या युनिक्ससारख्या सिस्टिमची मंडळी संख्येने किती थोडी! तरी २०१६ मध्ये त्यांनी प्लेज (प्रोग्रॅमला कर्नलकडे काय मागता येईल ते मर्यादित करणारं) आणलं, २०१८ मध्ये अनव्हेल (त्याला कोणत्या फाइली दिसतील ते मर्यादित करणारं) आणलं, आणि दोन्ही फायरफॉक्स आणि क्रोमियमला लावून दाखवलं. तिथे ब्राउझरला होममधलं स्वतःचं सामान आणि डाउनलोड्स सोडून जवळपास काही दिसत नाही. फाइल अपलोड करायची तर आधी डाउनलोड्समध्ये आणावी लागते. हा त्रास मी आनंदाने सोसेन. गूगल बीएसडीसाठी क्रोम काढत नाही, तरी सतत येणाऱ्या नव्या आवृत्तीवर हे स्वयंसेवक आपले पॅच (कोडमधले बदल) बसवत राहतात. पाठीशी मोठ्या कंपन्या असलेल्या लिनक्स वितरणांना हे मूळ पॅकेजमध्येच का जमू नये?

तुमच्या यंत्रावर आजच बघून घ्या. क्रोमियममध्ये ‘क्रोम सँडबॉक्स’चं पान आहे, फायरफॉक्समध्ये ‘अबाउट सपोर्ट’च्या पानावर सँडबॉक्सचा भाग आहे. अ‍ॅपच्या डेस्कटॉप फाइलमधली (मेनूतून अ‍ॅप सुरू करणाऱ्या फाइलमधली) ‘एक्झेक’ची, म्हणजे कमांडची, ओळही वाचा, तिथे हा फ्लॅग कुणीतरी कधीचा लावून ठेवलेला असू शकतो. आणि हा सल्ला तुम्ही कुठे लिहिला असेल, तर तो बदलून प्रोफाइलची पद्धत लिहा.