‘खेड्यात एसटी रिकामीच धावते’ म्हणणाऱ्यांना

गेला आठवडाभर लालबाग-परळमधल्या आमच्या सगळ्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: खेड्यात आता घरटी दुचाकी आहे, नाहीतर वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी जीप, आहेच. एसटी रिकामी धावते, तेव्हा तोट्याच्या फेऱ्या बंद करा. आणि गावकऱ्यांनी कितीही ओरड केली तरी त्यांच्या हातात काही नसतं. माझं गाव संगमेश्वर तालुक्यात, त्यामुळे मला गप्प बसवत नाही.

दुचाकी घरात असते, पण ती घेऊन मुलगा सकाळीच कामावर जातो. मागे उरतात शाळेची पोरं, सुना आणि म्हातारी माणसं. माझी आत्या ७८ वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले. तिला कोणाच्या मागे बसवून घाट उतरवायचा?

वडाप भरल्याशिवाय सुटत नाही आणि अंधार पडला की मिळत नाही. शिवाय तिथे सवलत नाही. एसटीत २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे, १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे. फेरीच बंद केली तर त्या सवलती घेऊन माणसांनी करायचं काय?

रिकाम्या गाडीचा जो फोटो फिरतोय, तो भर दुपारचा आहे. आमची वस्तीची गाडी रात्री चार माणसं घेऊन गावात येते, हे खरं. पण तीच सकाळी साडेसहाला सुटते तेव्हा उभं राहायला जागा नसते. त्यातलेच काहीजण पुढे मुंबईची गाडी धरतात. त्यांचं तिकीट या फेरीच्या हिशेबात दिसत नाही. एखादी फेरी खरंच रिकामी जात असेल तर वेळ बदला, लहान गाडी द्या, पण आधी गावाला विचारा.

आता ‘हातात काही नसतं’चं बघू. तीन वर्षांपूर्वी आमची वस्तीची गाडी बंद झाली, आणि त्यात चूक आमची होती. फांद्या काचेवर आपटायच्या, गाडी वळवायला जागा नव्हती, ड्रायव्हर-कंडक्टरच्या खोलीचं छप्पर गळत होतं. ग्रामसभेत ठराव झाला. दोन रविवार श्रमदान करून फांद्या तोडल्या. एका भावकीने वळणासाठी जमिनीची पट्टी सोडली. पत्रे आणि न्हाणीघराची वर्गणी आमच्या गावच्या इथल्या मुंबई मंडळाने काढली. मुख्याध्यापकांनी शाळेची वेळ लिहून दिली आणि सगळे कागद घेऊन माणसं आगार व्यवस्थापकांना भेटली. गाडी पुन्हा सुरू झाली, आणि वीस मिनिटं आधी सुटायला लागली. आता पोरं घंटेआधी शाळेत पोचतात.

त्याच वेळी थांब्यावर चिऱ्यांचा चौथरा बांधला, गाडीच्या पहिल्या पायरीएवढा उंच, एका बाजूने उतार ठेवून. पूर्वी आत्याला दोघं धरून वर चढवायचे. आता ती उतारावरून काठी टेकत वर येते, दांडा धरते आणि सरळ गाडीत पाय टाकते. ड्रायव्हर गाडी चौथऱ्याला अगदी चिकटवून लावतो.

हे काम वर्गणीवर व्हायला नको होतं, हेही सांगते. २०१६च्या कायद्याने दिव्यांगांसाठी वाहतूक सुगम करणं ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे, आणि ती आम्ही मागत राहणार.

चौथऱ्याला धरायला पाइप बसवायचा राहिलाय. रविवारी मंडळाच्या बैठकीत तो विषय आहे. मेसेज पाठवणाऱ्यांपैकी आमच्या गावचे जे आहेत, त्यांनी जरूर यावं.