टीव्हीखालचा डबा कुणाचा?

मागच्या शनिवारी केबल कंपनीच्या ऑफिसात जाऊन एक कार्ड परत करून आले. आकार क्रेडिट कार्डाएवढा, पण चांगलं पाच मिलिमीटर जाड, आणि एका टोकाला बारीक भोकांच्या दोन ओळी. काउंटरवरच्या मुलाने ते दोनदा उलटसुलट करून पाहिलं आणि आत जाऊन कुणाला तरी विचारून आला. यापुढे ही कार्डं चालणार नाहीत असं पत्र कंपनीनेच आम्हाला पाठवलं होतं. त्याने पावती दिली आणि मी गाडीत येऊन बसले. गाडी सुरू करायला मला जरा वेळच लागला. त्या कार्डाचं नाव केबलकार्ड, आपण विकत घेतलेल्या यंत्रात बसवलं की केबलचे चॅनेल उघडणारं. त्याच्या जोरावर आमच्या न्यू जर्सीतल्या घरात कित्येक वर्षं केबल कंपनीचा एकही भाड्याचा डबा नव्हता.

हे सगळं सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. पोस्ट लांबणार आहे, सवडीने वाचा.

२०११ साली आमच्याकडे तीन टीव्ही होते आणि तिन्हींना कंपनीचे डबे. रेकॉर्डिंगवाल्या डब्याचं भाडं महिन्याला १७ डॉलर, बाकी दोघांचं प्रत्येकी ९. म्हणजे महिन्याला ३५ आणि वर्षाला ४२०. हे नुसतं डब्यांचं, चॅनेलचे पैसे वेगळे. तोवर पाच वर्षं आम्ही ते भरत आलो होतो. दोन हजारांच्या वर डॉलर देऊनही डबा त्यांचाच. घर बदललं की परत करा, आणि हरवला तर दंड भरा. त्यातल्या हार्डडिस्कवर एचडी कार्यक्रम जेमतेम वीस तासांचे मावायचे. ती भरली की जुनं आपोआप पुसलं जायचं, आणि डबा बिघडून बदलला की सगळंच गेलं.

त्या हिवाळ्यात सासूबाई आणि बाबा, म्हणजे माझे सासरे, नाशिकहून आले होते. इथल्या थंडीत दही लागेना. एका रात्री पाहते तर सासूबाईंनी विरजण लावलेलं पातेलं टॉवेलात गुंडाळून केबलच्या डब्यावर ठेवलेलं. सकाळी दही कवडीसारखं घट्ट. मग त्यांनीच विचारलं, "अगं, रात्री तू हा बंद केलास ना? मग रात्रभर तापतो कसा?"

मी इंजिनिअर, पण इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. रिमोटवरचं बटण दाबलं की फक्त समोरचा दिवा विझायचा. आतली हार्डडिस्क, ट्यूनर, सगळं फिरतच राहायचं. त्याच वर्षी एनआरडीसी या पर्यावरण संस्थेचा अहवाल आला होता. अमेरिकेतल्या सेट टॉप बॉक्सेसनी २०१० मध्ये सुमारे २७ अब्ज युनिट वीज खाल्ली, म्हणजे कोळशावरच्या ५०० मेगावॅटच्या नऊ वीजकेंद्रांचं वर्षभराचं उत्पादन. त्यातली जवळपास दोनतृतीयांश वीज कुणी काही बघत नसतानाच जळत होती. डबा कंपनीचा आणि विजेचं बिल आपलं. मग कमी वीज खाणारा डबा बनवण्याची गरज कंपनीला वाटावी तरी कशाला?

डब्याऐवजी टीव्हीखाली आपलाच कॉम्प्युटर ठेवायचा म्हणून मी हिशोब मांडला. साधासा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी मेमरी, २ टीबीची डिस्क आणि टीव्हीखालच्या कप्प्यात मावेल अशी बसकी केस, मिळून ५२० डॉलर. सोबत सिलिकॉनडस्ट कंपनीचा एचडीहोमरन प्राइम हा ट्यूनर, साधारण २०० डॉलर. त्यात केबलकार्ड बसतं आणि एका वेळी तीन चॅनेल पकडता येतात. टीव्ही बघायचा आणि रेकॉर्ड करायचा मीडिया सेंटर हा प्रोग्रॅम विंडोज ७ मध्ये आयताच होता. बाकी दोन टीव्हींपैकी मुलाच्या खोलीत गेम खेळायचा एक्सबॉक्स ३६० होता, तो मीडिया सेंटरला जोडून खालचं सगळं वरच्या खोलीत दाखवतो. तिसरा टीव्ही आम्ही सरळ काढूनच टाकला. कार्डाचं भाडं महिन्याला दोन डॉलर. म्हणजे बावीस महिन्यांत पैसे वसूल.

जुळणी एका दुपारी झाली. कार्ड चालू करून घ्यायला मात्र तीन फोन लागले. पडद्यावर तीन लांबलचक आकडे येतात, कार्डाचा, यंत्राचा आणि आणखी एक. ते फोनवर वाचून दाखवायचे, पलीकडच्याने ते बरोबर टाकायचे, मग कार्ड आणि यंत्राची जोडी जमते. पहिल्या दोघांना केबलकार्ड म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या बाईंनी तर मला प्रेमाने समजावलं की आमचा डबा घ्या, त्यात हा त्रास नाही. तिसऱ्या माणसाने सात मिनिटांत काम केलं. पडद्यावर चित्र आलं तेव्हा बाबांनी टाळ्या वाजवल्या.

हा हक्क आम्हाला कुणी मेहेरबानी म्हणून दिलेला नव्हता. १९९६ च्या अमेरिकन दूरसंचार कायद्यात कलम ६२९ आहे. केबलचं उपकरण ग्राहकाला केबल कंपनीशिवाय इतरांकडूनही विकत घेता यावं, त्या बाजारात स्पर्धा असावी, असं ते कलम सांगतं. त्याच्याही मागे १९६८ चा कार्टरफोनचा निकाल आहे. तोवर तिथे टेलिफोन कंपनीच्या तारेला बाहेरचं काही जोडायला मनाई होती, फोनही कंपनीचाच आणि भाड्याचा. एफसीसीने, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने, ती मनाई उठवली आणि आन्सरिंग मशीन, मोडेम यांना वाट मोकळी झाली. आपल्याकडे पोस्ट आणि तार खात्याचा काळा फोन ज्यांच्या घरी होता त्यांना यातला फरक लगेच कळेल. दुकानात जाऊन हवा तो फोन घ्यावा आणि घरच्या तारेला लावावा, यात आज कुणाला काही विशेष वाटत नाही. टीव्हीच्या बाबतीतही नेमकं तेच व्हायला हवं होतं.

कार्डाची कल्पना साधी होती. चॅनेलचं कुलूप उघडायची किल्ली तेवढी कंपनीची, बाकी यंत्र तुमचं. १ जुलै २००७ पासून कंपन्यांनी आपल्या डब्यांतही तेच कार्ड वापरावं असा नियम झाला, म्हणजे ते नीट चालवण्यात त्यांचाही स्वार्थ राहील. प्रत्यक्षात कंपन्यांच्या स्वतःच्या डब्यांत साडेचार कोटींहून जास्त कार्डं गेली, आणि आमच्यासारख्यांनी विकत घेतलेल्या यंत्रांत साधारण सहा लाख. मला या आकड्याचं नवल वाटत नाही. तीन फोन करून आकडे वाचून दाखवायची चिकाटी किती घरांत असणार? आणि हा पर्याय आहे हे कंपनीच्या माहितीपत्रकात मला कधी दिसलं नाही.

सिनेटर मार्की आणि ब्लुमेंथल यांनी कंपन्यांकडून मागवलेली माहिती २०१५ मध्ये जाहीर केली. ९९ टक्के ग्राहक डबा भाड्यानेच घेत होते, आणि सरासरी घर त्यासाठी वर्षाला २३१ डॉलर मोजत होतं. सगळ्या देशाचे मिळून वर्षाला जवळजवळ वीस अब्ज डॉलर. २०१६ च्या फेब्रुवारीत एफसीसीने हा बाजार खुला करण्याचा प्रस्ताव तीन विरुद्ध दोन मतांनी पुढे आणला. सप्टेंबरात ऐन वेळी मतदान पुढे ढकललं गेलं, आणि २०१७ च्या जानेवारीत एफसीसीच्या नव्या अध्यक्षांनी विषयच बाजूला काढला. २००७ चा नियम तर आधीच, २०१५ च्या डिसेंबरात, संपला होता. २०२० मध्ये कंपन्यांवरचं केबलकार्ड पुरवण्याचं बंधनही गेलं. दुसऱ्या बाजूने मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मधून मीडिया सेंटर काढून टाकलं आणि २०२० च्या जानेवारीत त्याचं कार्यक्रमांचं वेळापत्रक बंद केलं. आमचं टीव्हीखालचं यंत्र दोन्ही बाजूंनी असं कोंडीत सापडलं.

कॉम्प्युटरला कटकट नाही असं मी म्हणणार नाही. अपडेटनंतर कधी आवाज गायब, कधी रात्री नऊच्या रेकॉर्डिंगला यंत्र झोपेतून उठलंच नाही. नवऱ्याने दोनदा तरी "आण बाई परत तो डबा" म्हणून झालं. पण बिघाड झाला तर तो उघडून बघता यायचा, सुटा भाग आणून बदलता यायचा. तासाला सहा-सात जीबी धरले तरी तीनशे तास मावायचे आणि आपल्याला न विचारता काही पुसलं जायचं नाही. घरातल्या टीव्हीवर काय साठवायचं आणि कधी बघायचं हे घरात ठरत होतं. मला हे फार मोलाचं वाटतं. कार्यक्रम नंतर बघण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं कायदेशीर आहे हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्येच सांगितलंय, सोनीच्या बीटामॅक्स खटल्यात. पाच विरुद्ध चार, एका मताने वाचलेला हक्क आहे तो.

आता जे मला सगळ्यात जास्त खुपतं ते सांगते.

२०१२ च्या २९ ऑक्टोबरला सँडी वादळ आलं. आमच्या भागात कित्येक दिवस वीज नव्हती. त्यानंतर पंधरा दिवसांवर दिवाळी. आमच्या मंडळाने कार्यक्रम रद्द न करता त्याच हॉलमध्ये वादळग्रस्तांसाठी पांघरुणं आणि डबाबंद अन्न गोळा केलं. इथल्या स्थानिक केबल न्यूज चॅनेलची माणसं आली आणि त्यांनी नेमकं बाबांना गाठलं. बाबा आयुष्यभर नाशकात गणित शिकवलेले. त्यांनी इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द जुळवत सांगितलं की आमच्याकडे गोदावरीला पूर आला की शेजारी शेजाऱ्याच्या घरातला चिखल काढायला जातो, इथेही तेच. एक मिनिट चाळीस सेकंद. आमच्या यंत्राने ते रेकॉर्ड केलं.

बाबा २०१६ मध्ये गेले. तेव्हा ती फाइल नाशिकला पाठवावी म्हणून काढायला गेले आणि कळलं की ती उघडत नाही. त्या चॅनेलवर "एकदाच कॉपी" अशी खूण होती. आमच्या केबल कंपनीने ती जवळपास सगळ्याच केबल चॅनेलना लावून ठेवली होती, आणि नियमाने तिला तशी मुभा होती. त्यामुळे रेकॉर्डिंग ज्या यंत्रावर झालं त्याच यंत्रावर चालणार. दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेलं की काळा पडदा. मदरबोर्ड बदलला तरी तेच. मी पडद्यासमोर मोबाईल धरून शूट केलंय. त्यात बाबांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो आणि चेहऱ्यावर पट्टे फिरतात.

आपल्या माणसाची, आपल्या डिस्कवरची, पैसे भरून घेतलेल्या चॅनेलवरची दीड मिनिटं, आणि ती सासूबाईंना पाठवायला मला कुणाची तरी परवानगी हवी! चोरी थांबवायला कुलूप लावलं म्हणतात. इथे कोण काय चोरत होतं?

नाशिकचंही तेच. तिथे केबलच्या डिजिटायझेशनची मुदत ३१ मार्च २०१३ होती. घरी डबा आला, पैसे मोजून घेतला. २०१९ मध्ये चॅनेल निवडीचे नवे दर आले तेव्हा सासूबाईंनी केबलवाला बदलला, आणि जुना डबा नव्याकडे चालेना. धडधाकट डबा माळ्यावर गेला. एका कंपनीचा डबा दुसरीकडे चालायला हवा अशी शिफारस भारताच्या दूरसंचार नियामकाने, ट्रायने, २०२० च्या एप्रिलमध्ये केली. आमचा डबा अजून माळ्यावरच आहे.

काही जण म्हणतील, आता केबल बघतंच कोण, सगळं स्ट्रीमिंगवर आहे. खरं आहे. पण तिथे तरी साठवलेलं आपलं कुठे असतं? क्लाउडवरचं रेकॉर्डिंग ठरावीक महिन्यांनी आपोआप जातं, मालिका एका रात्रीत यादीतून नाहीशी होते. आणि अँटेना लावून फुकट दिसणारे चॅनेल, जे न्यू यॉर्कमधल्या उंच इमारतींवरून आमच्या माळ्यावरच्या अँटेनावर उत्तम येतात, तिथेही एटीएससी ३.० या नव्या तंत्राच्या प्रसारणात बऱ्याच स्टेशनांनी कुलूप लावलंय. आमचा ट्यूनर ज्या कंपनीचा, तिच्याच नव्या ट्यूनरवर ती स्टेशनं उघडत नाहीत. हवेतून येणारं सार्वजनिक प्रसारण, त्यालाही कुलूप. जे इथे राहतात त्यांना माझी विनंती आहे की एफसीसी या विषयावर लोकांची मतं मागवते तेव्हा चार ओळी लिहा. मी प्रत्येक वेळी लिहिते.

कार्ड गेलं, तरी कॉम्प्युटर मी टीव्हीखालून हलवलेला नाही. अँटेनाचं रेकॉर्डिंग आता दुसऱ्या, नव्या यंत्रावर होतं. या जुन्याला इंटरनेटही लावत नाही. पॉवर सप्लाय एकदा बदलला, डिस्कची हुबेहूब प्रत करून ठेवलीय. मागच्या महिन्यात प्रोसेसरचा पंखा घरघरायला लागला. नऊ डॉलरचा नवा मागवला, जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, मदरबोर्डला धक्का लागू नये म्हणून श्वास रोखूनच काम केलं. सासूबाई या वेळी इथे आहेत, त्या शेजारी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. सुरू केला, रिमोटवरचं हिरवं बटण दाबलं, यादीत खाली जाऊन नोव्हेंबर २०१२ उघडलं. बाबा बोलले. सासूबाईंनी पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "परत लाव."