पालकसभेत नजर कुठे ठेवावी

जुलैत पहिली पालकसभा लागते आणि दरवर्षी काही नवखे पालक तिथे एकच चूक करतात. मुलांच्या बाकात गुडघे कोंबून बसतात आणि वर बघतात. वर छत असतं. छताला ओल आलेली असते, ओलीत प्लास्टर फुगलेलं असतं आणि फुग्याच्या टोकाला एक थेंब, पडू की नको अशा विचारात लोंबत असतो. मग त्या पालकाला राहवत नाही, तो हात वर करतो आणि सगळ्यांची सभा अर्धा तास लांबते. दोन मुलं मुंबईच्या शाळांतून पार केलेला माणूस म्हणून सांगतो, नजर समोर ठेवा. समोर स्मार्ट बोर्ड आहे. तो नवाकोरा आहे आणि प्रवेश घेताना तुम्ही त्याच्याकडेच बघितलं होतंत.

खरं तर काळजी प्रवेशापासूनच घ्यावी. दहावीचा निकाल किती, बस घराखाली येते का, गॅदरिंग कुठल्या नाट्यगृहात होतं, हे खुशाल विचारा. इमारत किती वर्षांची हे मात्र विचारू नका. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची तपासणी करून ती धड असल्याचा दाखला घ्यावा, असं मुंबई महापालिका कायद्याचं कलम ३५३-ब सांगतं. वन बीएचके घेताना तुम्ही सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा कागद मागितलाही असेल. पण तिथे तुमचे पैसे अडकणार होते. शाळेत नुसतं मूल ठेवायचंय, तेही सकाळी सात ते साडेबारा.

कोणी कायद्यावर बोट ठेवलंच तर गडबडू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या अनुसूचीत बारमाही इमारत हवी असं लिहिलंय. मग आमची काय आहे? जूनमध्ये पाणी, ऑक्टोबरमध्ये पत्र्याखालचा उकाडा, जानेवारीत शेजारच्या बांधकामाची धूळ. बारा महिने काही ना काही चालूच असतं. मुलामुलींची स्वच्छतागृहं वेगळी हवीत, असंही आहे. आहेत की. कायद्यात 'वेगळी' हा शब्द आहे, 'आतून कडी लागणारी' असं कुठे आहे? मुलींनी त्यावर आपला आपण तोडगा काढलाय. सकाळी भरून नेलेली बाटली दुपारी भरलेलीच परत आणायची. तुम्ही घरी तिला रागवा, 'पाणी का नाही प्यालीस?' कडी बघायला मात्र शाळेत जाऊ नका, उगाच वेळ जातो.

आता ओलीबद्दल थोडं सविस्तर, कारण या विषयात माझा हात धरणारं कोणी नाही.

धाकटी पाचवीत होती. चौथ्या मजल्यावरचा वर्ग, वर थेट गच्ची. गच्चीचा कोबा केव्हाच फुटलेला, त्यावर दरवर्षी निळी ताडपत्री आणि ताडपत्रीवर विटा. एके दिवशी दप्तर टाकता टाकता ती म्हणाली, "बाबा, मला मॉनिटर केलं." मी म्हटलं, "अरे वा! वर्गाची?" "नाही, बादलीची." मग तिने कामाचं स्वरूप समजावलं. वर्गात बादल्या दोन. निळी खिडकीपाशी आणि हिरवी तिसऱ्या रांगेत, बाक सरकवून केलेल्या जागेत. त्या बाकावरच्या दोघी दुसरीकडे दाटीवाटीने बसायच्या. मधल्या सुट्टीआधी बादल्या एकदा ओतायच्या, सुटताना एकदा, आणि पाऊस मोठा असेल तर गणिताच्या तासालासुद्धा न विचारता उठायची मुभा. एवढी जबाबदारी पाचवीत! मी लगेच नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. तेवीस अंगठे आले.

त्याच वर्षी तिला खोकला धरला. डॉक्टरांनी विचारलं, "घरात ओल आहे का, भिंतीवर बुरशी वगैरे?" मी छातीठोकपणे म्हटलं, "अजिबात नाही." ते खरंच होतं. घरात नव्हती. शाळेबद्दल त्यांनी विचारलं नाही, मीही आगाऊपणा केला नाही. ओल आणि बुरशी दम्याला चिथावतात हे आता डॉक्टरांपासून गुगलपर्यंत सगळेच सांगतात. पण वॉटरप्रूफिंग करायचं तर ते मे महिन्यात, सुट्टीत, आणि मे महिन्यात ओल कोणाला दिसते? जुलैत दिसते तेव्हा काम करता येत नाही. हे चक्र ज्याला कळलं, तो शाळेच्या व्यवस्थापनात जाण्यास लायक झाला.

रंगकाम मात्र उलट. ते सुट्टीत कधीच करू नये, शाळा भरलेली असतानाच करावं. हीरक महोत्सव जवळ आला की रंगारी येतात, पॉलिश पेपरने जुना ऑइलपेंट कोरडाच घासतात, खवल्यांची धूळ बाकांवर बसते आणि मुलं त्याच बाकांवर डबे उघडतात. नव्या रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर नसावं, हा नियम २०१६ मध्ये झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. छानच झालं. पण आमच्या भिंतीवर त्याआधीचे सात-आठ हात आहेत, हिरव्यावर पिवळा, पिवळ्यावर गुलाबी, आणि त्या नियमाला मागे जाऊन भिंत खरवडता येत नाही. शिशाची अमुक एवढी मात्रा लहान मुलांना चालते असं म्हणायला जागतिक आरोग्य संघटना तयार नाही, थोडंसुद्धा मेंदूच्या वाढीवर उठतं म्हणते. पाण्याने भिजवून घासावं, वर्ग रिकामा ठेवावा, मग ओल्या फडक्याने पुसून घ्यावं, असं एखादा पालक सुचवेल. त्याला कार्यक्रम समितीत घ्या आणि हारतुऱ्यांचं काम द्या. मुलाला मार्क कमी पडलेच तर क्लास आहेतच.

मधल्या सुट्टीत मुलं जिथे बसतात, त्या शेडवरचे करडे सिमेंटचे पत्रे पाहिलेत? जुने असतील तर ते बहुतेक अ‍ॅस्बेस्टॉसचे, म्हणजे सिमेंटात तंतुमय खनिज मिसळलेले. पन्नासहून जास्त देशांनी ते बंद केले. आपल्याकडे पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस अजून विकला जातो, तेव्हा बेकायदा काही नाही. धड असेपर्यंत पत्रा गप्प असतो. तंतू उडतात तो फुटला, झिजला, कापला किंवा भोक पाडलं की. म्हणून स्नेहसंमेलनाचा बॅनर लावताना ड्रिल त्याच्यावरच चालवावं. त्यातून होणारा कर्करोग उगवायला वीस ते चाळीस वर्षं लागू शकतात. तोवर आपलं मूल कुठल्या शाळेत होतं हे विचारायला कोण येतंय?

खिडक्यांचंही एक तंत्र आहे. शेजारी टॉवर उठत असतो. बांधकामाभोवती २५ फूट आणि एकराहून मोठ्या जागेवर ३५ फूट उंच पत्रे लावा, हिरवं कापड लावा, पाणी मारा, असं महापालिकेने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बजावलं. पत्रे लागले, त्यांच्यावर टॉवरची जाहिरातही लागली. धूळ मात्र चौथ्या मजल्यावर येते, कारण तिला वाचता येत नाही. मग खिडक्या बंद. पन्नास मुलं, एक दार, दोन पंखे, आणि दुसऱ्या तासाला अर्धा वर्ग पेंगतो. डायरीत शेरा येतो, 'वर्गात लक्ष नसते.' सही करा आणि रात्री लवकर झोपवा. शाळेच्या फाटकावर '१०० यार्डांच्या आत तंबाखू विक्रीस मनाई' असा फलक आहे, म्हणजे मुलांच्या फुप्फुसांची काळजी घेतलेलीच आहे.

आणि आपलं बरं चाललंय असं वाटत नसेल तर गोवंडीकडे बघा. तिथलं देवनारचं कचऱ्याचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासूनचं. २०१६ च्या जानेवारीत ते पेटलं, धूर इतका की आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मुलांना सुरक्षित घरी पाठवलं. घरं डम्पिंगला लागूनच होती.

एका गोष्टीवर थट्टा सुचत नाही. २००४ मध्ये तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत आग लागून ९४ मुलं गेली. त्यावरच्या याचिकेत २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क आलाच. आमच्या शाळेला दोन जिने आहेत. दुसऱ्यावर मोडके बाक रचलेत आणि खाली कुलूप आहे. किल्ली शिपाईमामांकडे असते, मामा बँकेत गेलेले असतात.

असो. कधी तुम्हीच शाळा व्यवस्थापन समितीवर गेलात तर? कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालकच असतात, म्हणजे हा धोका कोणावरही येऊ शकतो. तिथे ऑडिटचा अहवाल मागता येतो, इमारत 'सी-१' मध्ये (रिकामी करून पाडण्याजोगी) आहे की 'सी-२' मध्ये (मोठ्या दुरुस्तीची) हे विचारता येतं, दुरुस्तीचा ठराव लिहून घेता येतो. यातलं काहीही न करता सभा निभावून नेण्याची युक्ती सोपी आहे, वडा गरम असताना खावा. तोंड भरलेलं असलं की 'इतर विषय' आपोआप संपतात.

मीही तसाच निभावून नेत आलो. गेल्या पावसाळ्यात मात्र आमच्या स्वयंपाकघराच्या छतातून पाणी गळायला लागलं. रात्रीचे साडेदहा वाजले होते. मी तसाच वरच्या मजल्यावर गेलो, बेल दाबून धरली, त्यांच्या बाथरूमचे फोटो काढले, सेक्रेटरींना झोपेतून उठवलं, ग्रुपवर अकरा मेसेज टाकले आणि सकाळी आठला प्लंबर हजर करण्याचं वचन घेऊनच खाली उतरलो. पाहतो तर धाकटीने गळतीखाली बादली नेमकी बसवलेली. आत एक जुनं फडकं घडी करून टाकलेलं.

"हे कशाला?"

"टपटप ऐकू येत नाही मग," ती म्हणाली. "बाईंना शिकवताना त्रास होतो ना."