रोज पोस्ट टाकली नाही म्हणून धंदा बुडत नाही

गेले दोन-तीन महिने एक मजकूर आमच्या वसाहतीतल्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतोय. आधी फोंड्याच्या मावसभावाने पाठवला, मग म्हापशाच्या एका गिऱ्हाइकाने, शेवटी कॉलेजात शिकणाऱ्या भाचीने. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. लिंक्डइनवर, म्हणजे नोकरी-धंद्याच्या ओळखींसाठीच्या साइटवर, रोज पोस्ट टाका, नाहीतर बाजाराच्या लेखी तुम्ही नाहीच. कंपनीचं पेज मेलं, आता माणूस हाच ब्रँड. कनेक्शन, म्हणजे तिथे जोडलेली माणसं, जितकी जास्त, तितकं काम जास्त. माहिती कुणी वाचत नाही, स्वतःची डोळ्यांत पाणी आणणारी कहाणी सांगा. आणि लिहिता येत नसेल तर एआयकडून लिहून घ्या, वीस जणांचा गट करा आणि एकमेकांना लाइक द्या. तळाला एका कोर्सची लिंक.

भाचीने खाली विचारलं होतं, "मामा, पंधरा हजार आहेत, भरू का?" म्हणून हे लिहितोय.

मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत धाकट्या भावाबरोबर पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना चालवतो. लिंक्डइन मी वापरतो, त्यातून कामं मिळालेली आहेत, तेव्हा ते निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. पण या मजकुराने चांगली शिकलेली पोरं उगाच घाबरली आहेत, ते मला बघवत नाही.

रोजच्या पोस्टचं आधी बघू. आमच्या धंद्यात नवं गिऱ्हाईक कसं मिळतं ते सांगतो. वेर्ण्याच्या एखाद्या औषध कंपनीला शिपर, म्हणजे बाहेरचं मोठं खोकं, नव्या पुरवठादाराकडून घ्यायचं असलं की आधी सॅम्पल मागतात. कागदाचं जीएसएम (चौरस मीटरमागे वजन), बर्स्टिंग (किती दाबाला फाटतो), खोक्याचं कम्प्रेशन (वरून किती भार पेलतं) तपासतात. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघतात, रिटर्न भरलीत का तेही तिथे दिसतं. मग त्यांची क्वालिटीची माणसं कारखान्यात येतात, गोंदाच्या पिंपाला झाकण आहे का इथपासून उंदरांचा बंदोबस्त काय केलाय इथपर्यंत सगळं बघतात. त्यानंतर छोटा ट्रायल लॉट. या सगळ्याला कधी चार महिने लागतात, कधी आठ. या वाटेवर लिंक्डइन एकदाच लागतं. कुणीतरी आमचं नाव सुचवतं आणि परचेसवाला ते तिथे टाकून बघतो. माणूस खरा आहे का, किती वर्षं याच कामात आहे, आपल्या माहितीतलं कुणी त्याला ओळखतं का. त्या वेळी त्याला माझे काल सकाळचे सुविचार नको असतात. पत्ता, मशिनं, किती प्लायची, म्हणजे कागदाच्या किती थरांची, खोकी करतो, महिन्याला किती देऊ शकतो, हे हवं असतं. ते प्रोफाइलवर नसेल तर तीनशे पोस्टही कामाच्या नाहीत.

चार वर्षांत मी जेमतेम तीस पोस्ट टाकल्या असतील. त्यातली एक जूनमधली. आपल्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट होते की कागद तिच्यातलं पाणी पितो, आणि मार्चमध्ये पाच थर सहज पेलणारं खोकं जुलैत चौथ्या थरालाच कोपऱ्यातून बसतं. बसलेल्या खोक्याचा फोटो काढला, शेजारी मॉइश्चर मीटर धरला, आणि खाली लिहिलं की पावसाळ्यात थर कमी करा, खोकी भिंतीपासून हातभर लांब ठेवा, पॅलेटशिवाय जमिनीवर टेकवू नका. लाइक आले एकोणीस. पण त्या एकोणिसांत दोघं पॅकेजिंग मॅनेजर होते, आणि एकाचा फोन सप्टेंबरात आला. २०२३ साली लिंक्डइननेच जाहीर सांगितलं होतं की पोस्ट आधी तुमच्या ओळखीच्या आणि तुम्हाला फॉलो करणाऱ्या माणसांना दिसावी, आणि ज्यात कामाची माहिती किंवा सल्ला आहे असा मजकूर पुढे जावा, असा बदल त्यांनी केलाय. रोज लिहिण्याची सक्ती त्यात कुठे आहे?

कंपनीचं पेज मेलं, हा दुसरा मुद्दा. यात थोडं तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. पेजवरच्या पोस्टपेक्षा माणसाने स्वतःच्या नावाने लिहिलेलं जास्त वाचलं जातं, हे मी स्वतः बघितलंय. पण माणूस नोकरी सोडून जातो तेव्हा काय होतं? माझ्या माहितीतल्या एका कारखान्याने मार्केटिंगला एक हुशार मुलगा ठेवला. त्याने पेज उघडलं, चांगलं चालवलं. पेजचा अ‍ॅडमिन तो एकटाच. दोन वर्षांनी तो पुण्याला गेला, मालकाकडे काहीच राहिलं नाही. कारखान्याचा जुना फोन नंबर आजही त्या पेजवर आहे आणि गिऱ्हाइकं त्या बंद नंबरावर फोन लावतात. त्या मुलाने स्वतःच्या नावावर मिळवलेले फॉलोअर त्याच्याबरोबर गेले, ते रास्तच, ती त्याची कमाई. पण पेज कंपनीचं होतं. सुपर अ‍ॅडमिन, म्हणजे पेजचे सगळे हक्क असलेला, किमान दोघांना करा, त्यात एक मालक असू दे. पाच मिनिटांचं काम आहे, आजच करा. आणि पेज नको म्हणून कंपनीच्या नावाने माणसाचं खातं उघडायच्या भानगडीत पडू नका. खातं खऱ्या माणसाचंच हवं असा लिंक्डइनचा नियम आहे आणि अशी खाती बंद होतात.

माणूस हाच ब्रँड म्हणणाऱ्यांनी एकदा मडगावच्या बाजारात सुक्या मिरचीच्या ढिगापुढे उभं राहावं. गिऱ्हाईक विचारतं, "खोल्याची ना गो?" मिरची कुणी लावली, कुणी वाळवली, त्याचं नाव कुणी विचारत नाही. काणकोणातल्या खोला गावच्या डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर वाढलेली, उन्हात वाळवलेली मिरची, एवढं पुरतं. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते तिथल्या उत्पादकांच्या संघटनेच्या नावावर, कुणा एकट्याच्या नाही. काजूच्या फेणीला तर ते २००९ मध्येच मिळालं. अनेक हातांनी मिळून सांभाळलेलं नाव एका माणसाच्या नावापेक्षा जास्त टिकतं, आणि ते गोव्यातल्या माणसाला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही.

कनेक्शनच्या आकड्याबद्दल फार लिहीत नाही. लिंक्डइन एका खात्याला तीस हजारांच्या वर कनेक्शन देतच नाही. माझी सहाशे आहेत. त्यातल्या दीडशे जणांना मी चेहऱ्याने ओळखतो आणि काम आजवर त्या दीडशेंतूनच आलंय.

चौथा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला. माहिती कुणी वाचत नाही म्हणे, कहाणी सांगा. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीच्या प्रमुखाने कर्मचाऱ्यांना कामावरून काढलं आणि स्वतःचा रडता फोटो लिंक्डइनवर टाकला. पोस्ट जगभर गेली, आणि जगभरातून त्याच्यावर टीका झाली. पोहोचण्यात ती पोस्ट कुठेच कमी पडली नव्हती. तेव्हा पोहोचलं म्हणजे नाव झालं, हे गणित चुकीचं आहे.

आता आपल्याकडचं सांगतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले खाणपट्टे रद्द केले आणि मार्चच्या मध्यावर खाणी बंद पडल्या. २०१२ च्या खाणबंदीतून कसंबसं सावरलेली डिचोली, सत्तरी, सांगेची घरं पुन्हा बसली. आमच्या शेजारचे एक काका खाणीवर मशिनांच्या देखभालीला होते, चौदा वर्षं. घरी बसल्यावर मुलाने त्यांचं लिंक्डइन उघडून दिलं, वर लिहिलं 'डायनॅमिक आणि पॅशनेट प्रोफेशनल', आणि खाली खाण बंद पडल्याची, घराच्या हप्त्यांची लांबलचक कहाणी. लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली. फोन एकही आला नाही. एका रविवारी आम्ही तिघं त्यांच्या बल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, बसलो आणि ते सगळं पुसलं. हेडलाइनला, म्हणजे नावाखालच्या ओळीला, २२० अक्षरं मिळतात, तिथे लिहिलं: हायड्रॉलिक एक्स्कॅव्हेटर आणि डंपर देखभाल, १४ वर्षं, खुली खाण. खाली कुठली मशिनं, कुठले बिघाड स्वतः काढले, हाताखाली किती माणसं. हे इंग्रजीत टाकलं, कारण भरती करणारा माणूस शोधखिडकीत हेच शब्द टाकतो. मशिनाचं नाव, काम, जागा. 'पॅशनेट' शोधून कुणी मेकॅनिक घेत नाही. दोन महिन्यांत कर्नाटकातल्या एका खाणीकडून विचारणा आली आणि काका गेले. त्यांचं दुःख खरं होतं. पण काम देणाऱ्याला त्यांचं काम दिसायला हवं होतं, आणि ते त्या दुःखाखाली झाकलं गेलं होतं.

एआय आणि लाइकच्या गटांबद्दल. ठरवून, यंत्राने किंवा गट करून वाढवलेला प्रतिसाद लिंक्डइनच्या नियमांत बसत नाही, आणि खात्यावर कारवाई होऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे परचेसवाल्याला तो लगेच कळतो. त्याच वीस जणांचं त्याच वीस जणांना 'व्वा सर, प्रेरणादायी' चाललेलं असतं. एआयचं मात्र मला समजतं. आपल्यातले बरेच जण चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकले, पाचवीला एकदम इंग्रजी आली, आणि लिहिताना अजून हात अडखळतो. व्याकरण तपासायला एआय घ्या, त्यात काही गैर नाही. पण बसलेल्या खोक्याची गोष्ट त्याला ठाऊक नाही, ती तुम्हालाच सांगावी लागेल. आणि लिंक्डइन आता मराठीतूनही वापरता येतं. आपल्या गिऱ्हाइकाला मराठी कळत असेल तर मराठीत लिहा.

भाचीला मी फोन केला. ती फार्मसीला आहे, सुट्टीत सहा आठवडे एका कंपनीच्या क्वालिटी लॅबमध्ये होती. तिच्या प्रोफाइलवर त्याचा उल्लेखच नव्हता. तिला वाटलं, सहा आठवडे म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. मी म्हटलं, कुठल्या यंत्रावर बसलीस, काय तपासलंस, नोंदी कशा ठेवल्यास, तेवढं लिही. तिने चार ओळी लिहिल्या. मग लॅबमधल्या सरांना विचारलं, प्रोफाइलवर दोन वाक्यांचं रेकमेंडेशन, म्हणजे शिफारस, द्याल का. त्यांनी पाच वाक्यं लिहिली, आणि त्यातलं एक असं होतं की तिने एका नोंदीतली चूक स्वतःहून येऊन दाखवली होती. ते तिने मला कधी सांगितलंच नव्हतं.