झाडं राहू द्या, आधी ग्रीन दाखवा

गेममध्ये एखादा खराखुरा गोल्फ कोर्स आला की कौतुक कशाचं होतं? झाडांचं, तळ्यातल्या प्रतिबिंबाचं, क्लबहाउसच्या खिडक्यांचं. माझ्या मते हे सगळं सर्वांत शेवटी बघावं. खरा कोर्स असतो तो जमिनीच्या चढउतारात. पट (होलकडे हळूच लोटलेला बॉल) खऱ्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, जिकडे वळतो तिकडेच गेममध्ये वळत नसेल, तर ती प्रत नव्हे, देखावा.

आज घरबसल्या कोर्स बनवणारे बहुतेक जण लायडारचा डेटा वापरतात, म्हणजे विमानातून लेझरने मोजलेल्या जमिनीच्या उंचीचे बिंदू. अमेरिकेत यूएसजीएस ही सरकारी भूसर्वेक्षण संस्था तो फुकट देते: साधारणपणे दर चौरस मीटरला किमान २ बिंदू आणि उंचीत सुमारे १० सेंमीची चूक. फेअरवेला, म्हणजे ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याला, एवढं पुरतं. खरी अडचण ग्रीनवर येते. होल सहसा १ ते ३ टक्के उतारावर कापतात. एक मीटर अंतरावरच्या दोन बिंदूंत निव्वळ नॉईजमुळे (मोजणीतल्या किरकोळ चुकांमुळे) ३ सेंमीचा फरक पडला, तर तिथे नसलेला ३ टक्के उतार तयार होतो. म्हणून डेटा स्मूद करावा लागतो, आणि जास्त स्मूद केला की दोन टप्प्यांच्या ग्रीनमधला उंचवटाच पुसला जातो. संपूर्ण कोर्सला एकच फिल्टर लावणं हा शुद्ध आळस आहे. ग्रीन वेगळे काढा, त्यांना हलका फिल्टर लावा आणि फोटोंशी ताडून हाताने दुरुस्त करा. त्याउपर काही जण ग्रीनचा वेग १२-१३ स्टिंपवर (स्टिंप हे ग्रीनवर बॉल किती लांब घरंगळतो याचं माप) नेतात, बॉल थांबेना की उतारच सपाट करून टाकतात. अहो, वेग कमी करा ना!

बाकीच्या चुका नेहमीच्याच. फक्त ‘ग्राउंड’ वर्गातले बिंदू घ्या, नाहीतर झाडांच्या टेकड्या होतात. नेहमीच्या लायडारचा इन्फ्रारेड किरण पाण्यावरून धड परतत नाही, त्यामुळे तळ्यात भोकं पडतात. तिथली पातळी स्वतः ठरवून द्या. हाइटमॅप, म्हणजे जमिनीच्या उंचीचं चित्र, १६ बिटचाच हवा. ६० मीटर चढउताराच्या कोर्सला ८ बिटमध्ये २५६ पायऱ्या मिळतात, म्हणजे प्रत्येक पायरी जवळपास २३ सेंमीची. फेअरवेवर शेतातल्या बांधांसारखे टप्पे दिसले की समजा, हेच झालंय.

नकाशाचं प्रोजेक्शनही तपासा. ऑनलाइन नकाशांचं नेहमीचं प्रोजेक्शन, वेब मर्केटर, विषुववृत्तापासून दूर जाल तसं अंतर ताणतं. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या अक्षांशावर हा ताण सुमारे १.८ पट, म्हणजे ४०० यार्डांचा होल (पहिल्या फटक्यापासून खळग्यापर्यंतचा अख्खा पट्टा) ७२० यार्डांचा! अंतरं जवळपास खरी ठेवणाऱ्या यूटीएम प्रोजेक्शनमध्ये आणूनच पुढचं काम करा.

सेंट अँड्र्यूजचा विषय निघालाच आहे, तर तिथल्या ओल्ड कोर्सइतकी बनवणाऱ्याची परीक्षा क्वचितच कुठला कोर्स घेतो. तिथे ११२ बंकर (वाळूचे खड्डे) आहेत आणि त्यांतल्या अनेकांच्या भिंती जवळजवळ उभ्या. हाइटमॅपमध्ये एका जागेला एकच उंची देता येते, त्यामुळे उभी भिंत कलते आणि सतराव्या होलचा तो कुप्रसिद्ध रोड होल बंकर निरुपद्रवी खड्डा होऊन बसतो. भिंत वेगळी मेश (त्रिमितीय आकृती) म्हणून बनवावी लागते आणि तिला बॉल अडवणारा कोलायडर द्यावा लागतो. तो विसरला की बॉल भिंतीतून आरपार. शिवाय सात ग्रीन दोन-दोन होलचे सामायिक (जोडीची बेरीज कायम १८: दुसरा-सोळावा, तिसरा-पंधरावा). त्यांच्या बाह्यरेषा वेगवेगळ्या काढल्या की मधोमध फ्रिंजची, म्हणजे ग्रीनच्या कडेच्या जरा उंच गवताची, पट्टी उगवते आणि लांबचा पट तिथेच अडतो.

शेवटची मागणी: कोर्सच्या माहितीत डेटाचं वर्ष लिहा. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल कोर्सचा तेरावा होल २०२३ मध्ये ५१० वरून ५४५ यार्डांचा झाला, टी (पहिला फटका मारायची जागा) ३५ यार्ड मागे गेला. त्याआधीच्या डेटावर बनवलेला कोर्स चुकीचा नाही, फक्त जुना आहे. पण दुसऱ्या शॉटला कोणती क्लब लागेल हे त्यावरच ठरतं.