‘एका पिकअपमध्ये घर मावत नाही’ म्हणणाऱ्या वाचकांस

फोंड्याहून पणजीला बिऱ्हाड आपलं आपण कसं हलवावं, या माझ्या लेखाखाली एका वाचकांनी चार ओळी लिहिल्या आहेत. नाव दिलेलं नाही. ओळी अशा: ‘ताई, टेम्पो भरणं म्हणजे मसाल्याचा डबा भरणं नव्हे. एका पिकअपमध्ये टू बीएचके मावतच नाही, दोन खेपा ठरलेल्या. स्वतः चालवा म्हणता, बॅज लागतो हे तरी माहीत आहे का? त्यापेक्षा पॅकर्सना बोलवा, विमा तरी मिळतो.’

आधी त्या डब्याचं बघू. हाच लेख एखाद्या पुरुषाने लिहिला असता तर तुम्हाला मसाल्याचा डबा आठवला असता का? माझ्या वडिलांचा टेम्पो होता. भाड्याची वही मी लिहायचे आणि ताडपत्रीची दोरीही मीच आवळायचे. फुशारकी म्हणून नाही सांगत, ‘माहीत आहे का’ असं विचारलंत म्हणून सांगते. मुद्दा खोडायचा तर जरूर खोडा. पण ‘ताई’ म्हणून मान द्यायचा आणि त्याच वाक्यात टपली मारायची, ही कुठली रीत?

आता ‘दोन खेपा ठरलेल्या’. कोणी ठरवल्या? मी छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, म्हटलेलंच नव्हतं. त्याचा हौदा, म्हणजे सामान ठेवायची मागची जागा, सात फूट बाय पाच फूट, त्यात वन आरके किंवा आटोपशीर वन बीएचके जातं. लेखात लिहिलं होतं ते मोठ्या हौद्याच्या बोलेरो पिकअपबद्दल: नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद, म्हणजे पन्नासेक चौरस फूट. सहा फुटांपर्यंत सामान रचलं तर ३०० घनफूट होतात. लोखंडी कपाटं दोन, ६० घनफूट. फ्रिज २५, वॉशिंग मशीन १२, गाद्या दोन मिळून ३०, तिघांचा सोफा ४५, सुटे केलेले पलंग ३०, मध्यम आकाराचे पंचवीस खोके ६०. बेरीज २६२. उरलेल्या जागेत खुर्च्या, बादल्या, कुंड्या. वजनाचा तर प्रश्नच नाही. घरातलं सामान जागा खातं, वजन नव्हे.

मग लोकांच्या दोन खेपा का होतात? कारण सामान घरातून ज्या क्रमाने बाहेर येतं त्याच क्रमाने हौद्यात चढतं. आधी खोके, कारण ते हलके आणि दाराशी ठेवलेले. मग सोफा आडवा. मग कपाट आणायला चौघे वर जातात आणि खाली उतरल्यावर कळतं की आता त्याला उभं राहायला जागाच नाही. पहिल्या दहा मिनिटांत वाया गेलेली जागा शेवटी दुसरी खेप मागते.

कपाटं आधी. केबिनला टेकून उभी, दारं केबिनच्या बाजूला, मध्ये गोधडी. म्हणजे ब्रेक लागला तरी दार उघडायला जागा राहत नाही. किल्ली काढून खिशात ठेवा, कुलपात राहिली की वाकते. नंतर फ्रिज एका कडेला आणि वॉशिंग मशीन दुसऱ्या कडेला, म्हणजे वजन दोन्ही बाजूंना वाटलं जातं. गाद्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून हौद्याच्या कडेला उभ्या. सोफा आडवा घालायचा नाही, त्याच्या बाजूच्या एका हातावर उभा करायचा. त्याच्या पोटातल्या पोकळीत खोके जातात. पलंगाच्या फळ्या गाद्यांच्या मधे, आरसा त्यांच्यातच आणि उभा, कारण आडव्या काचेवर खड्ड्याचा दणका सरळ बसतो. पुस्तकांचे खोके लहान घ्या, मोठ्याचा तळ जिन्यातच सुटतो.

जड सामान फाळक्याकडे, म्हणजे मागच्या उघडत्या फळीकडे, ठेवलंत तर मागच्या चाकाच्या पलीकडे भार जातो, पुढची चाकं हलकी होतात आणि फोंड्याजवळचा फर्मागुडीचा चढ चढताना स्टेअरिंग हातात राहत नाही. हे कुठल्याही जुन्या टेम्पोवाल्याला विचारा, माझ्यावर विश्वास ठेवू नका.

दोरीवर मात्र तुम्ही एक शब्दही लिहिलेला नाही, आणि नुकसान नेमकं तिथेच होतं. हौद्याच्या बाजू जेमतेम दीड-दोन फूट उंच. त्यावरचं सगळं दोरीच्या भरवशावर. बारा मिलिमीटरची दोरी घ्या. एका बाजूच्या आकड्याला बांधून सामानावरून पलीकडे आणा, मधेच दोरीला पीळ देऊन एक फासा करा, टोक खालच्या आकड्यातून घालून त्या फाशातून काढा आणि अंगाचा भार टाकून खाली खेचा. एका हाताने दाबून धरा, दुसऱ्याने अडकवा. कपाटाच्या कडेवर पुठ्ठा हवाच, नाहीतर दोरी पत्र्यावर घासून तुटते. चार-पाच किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळा. सामान बसतं, दोरी सैल होते. नायलॉन भिजलं की ताणतं, तेव्हा जून ते सप्टेंबर हे दोनदा करा. ताडपत्रीची पुढची घडी मागच्या घडीच्या वर यायला हवी, उलट झाली तर वारा आत शिरून ती फुगते. आणि सहा फुटांच्या वर रचू नका. वाड्यांतल्या घरांकडे जाणाऱ्या विजेच्या वायरी कुठे कुठे इतक्या खाली लोंबतात की टेम्पोच्या टपावरून कोणाला तरी काठीने त्या उचलाव्या लागतात. तसं करू नका, थांबा आणि सामान उतरवा.

तुमचं एक मान्य. एल आकाराचा सोफा किंवा जुना न सुटणारा सागवानी पलंग असेल, तर पिकअप अपुरी पडते आणि टाटा ४०७, म्हणजे त्याहून मोठा टेम्पो, घ्यावा. हे लेखात ठळक असतं तर बरं झालं असतं. दोन खेपा तरीही ठरत नाहीत.

आता बॅजचं, म्हणजे परवान्यावरच्या व्यावसायिक वाहनाच्या नोंदीचं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं की हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला ७,५०० किलोंच्या आतलं मालवाहू वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही. पिकअप त्यात सहज येते. प्रत्यक्षात आपल्याकडे मालक ड्रायव्हरशिवाय गाडी देत नाही, तो भाग निराळा. प्रश्न विचारण्याआधी बातमी वाचली असती तर ‘हे तरी’ लिहायची वेळ आली नसती. केबिनमध्ये सीट आहेत तेवढीच माणसं, हौद्यात सामानावर बसून कोणी जायचं नाही, हे मात्र लिहून ठेवा.

विम्याचं म्हणाल, तर पावतीवरची बारीक अक्षरं वाचा. आपण स्वतः भरलेले खोके त्यात येतात का ते बघा. त्यावर वाद घालण्यात मला रस नाही; ज्यांना परवडतं त्यांनी खुशाल पॅकर्सना बोलवावं, मी कोणाच्या दारात आडवी उभी नाही. भाडं ठरवताना परतीची रिकामी फेरी, थांबण्याचे तास, हमाल आणि मजले धरून बोला, एवढंच सांगते. तिथेच नंतर तोंडातोंडी होते.

पुन्हा लिहिणार असाल तर कपाटं किती, सोफा किती फुटांचा, पलंग सुटतो की नाही, ते लिहा. मी हिशेब करून देते. न मावणारं निघालं तर ४०७ घ्या असंच सांगेन.